पीर पावचा धक्का आणि वडीगोद्री

वडीगोद्रीतून समुद्र दिसत नाही. आमची गोदावरी पूर्वेला वाहते, पण आमचे बंदर कायम पश्चिमेला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक ग्रंथात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. तिथले अकीक गाड्यांतून भडोच बंदरी जात.

आमच्या वडीलधाऱ्यांना मुंबई बंदर ठाऊक झाले ते हजमुळे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. राजधानी हैदराबाद खरी, पण मक्केची वाट मुंबईच्या धक्क्यावरून. मोगल लाईनची जहाजे जेद्दाहला जात. १९९५ नंतर जहाजाने हजला जाणे बंद झाले.

त्याच बंदरात १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटले. एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी! शेकडो माणसे गेली. ते आठवले की तेलाची जहाजे गोदीपासून दूर, जवाहर द्वीप बेटावर का लागतात, ते कळते. तरी ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून तिथली डिझेलची टाकी पेटलीच.

बंदराचा दुसरा तेलधक्का तुर्भ्याचा पीर पाव. नावात पीर आहे, पण आता तिथे रसायनांची जहाजे लागतात. शेजारी माहुलला एस्सो (१९५४) आणि बर्मा शेल (१९५५) यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारी झाले. त्यांच्याच नाफ्त्यावर १९६५ च्या सुमारास तुर्भ्याचा खत कारखाना सुरू झाला. 'सुफला'ची गोणी आमच्या कापसाला, मोसंबीला आली ती तिथून. अंबड तालुक्यातला शेतकरी या बंदराशी बांधला गेला तो असा; त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याची किंमत माहुलकरांनी मोजली. तिथल्या हवेचा आरोग्याला धोका आहे, हे २०१५ मध्ये हरित लवादाने मान्य केले. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून गरिबांना तिथेच धाडले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, सक्ती करू नका, भाडे द्या.

आता बंदरच आमच्याकडे येते आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी जालन्याजवळ ड्रायपोर्टची कोनशिला बसली. तिथून कंटेनर थेट न्हावा शेव्याला जायचे. पोरे विचारतात, काम मिळेल का? कंटेनर क्रेनने उचलतात, हमाल लागत नाहीत, एवढे तरी आम्हाला त्यांना सांगावेच लागते.