गव्हाची परीक्षा

चोपड्याच्या बाजारात गहू घेताना पुष्कळांच्या तोंडी एक नाव असते : लोकवन. ते कोठून आले, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. सौराष्ट्रात, भावनगर जिल्ह्यातील सणोसरा गावी लोकभारती नावाची ग्रामीण शिक्षणसंस्था आहे. तेथे झवेरभाई पटेल यांनी गव्हाचे एक वाण तयार केले; त्याचे नाव ‘लोक-१’. इंग्रजी ‘वन’ जोडून बाजाराने त्याचे लोकवन केले. नाव असे लोकांच्या जिभेवर रुळले, कारण वाण लोकांच्या पसंतीस उतरले होते. बियाण्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाचा, हा आजचा प्रश्न आम्ही म्हणूनच येथून सुरू करतो.

फार काळ ही परीक्षा सरकारी मळ्यावर होई. तेथे पाणी वेळेवर, खत मापून, मजूर पगारी. पीक बुडाले तर वहीत एक ओळ लिहिली जाई. दोन एकरांच्या धन्याचे पीक बुडाले तर घरातली कणगी रिकामी होई.

१९६३ च्या मार्चमध्ये नॉर्मन बोरलॉग भारतात आले आणि त्यांच्यामागून मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाचे बियाणे आले. आपला उंच गहू खत वाढवले की लोळे. हा ताठ उभा राही. १९६४ मध्ये राष्ट्रीय प्रात्यक्षिके आखताना डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी आग्रह धरला की, ती लहान शेतकऱ्याच्याच शेतात व्हावीत. बड्या बागाईतदाराकडे पीक साधले, तर लोक त्याचे श्रेय पैशाला देतील, बियाण्याला नव्हे. ही दृष्टी मोठी होती. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणे परदेशातून आले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता. १९६७-६८ मध्ये तो १ कोटी ६५ लाख टनांवर गेला.

तथापि शेत लहान माणसाचे असले, तरी प्रश्न सरकारचाच होता : हेक्टरी क्विंटल किती? दुसरा प्रश्न स्वयंपाकघराने विचारला. लर्मा रोहो आणि सोनोरा यांचा दाणा तांबूस. गृहिणीला तो रुचेना, बाजारात भाव पडे. तेव्हा पिवळसर दाण्याच्या वाणांकडे वळावे लागले. १९६७ मध्ये कल्याणसोना आणि सोनालिका आल्या. लोक-१ च्या घराण्यात हीच सोनालिका आहे.

आपल्या तापीकाठी आणखी प्रश्न आहेत. कपाशी उपटून गहू पेरायचा, म्हणजे पेरणी लांबते. फेब्रुवारीत ऊन चढले की दाणा बारीक राहतो. मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, पाण्याची पाळी चुकली तर फुटवे कमी होतात. आणि वीज रात्रीची असली तर ती पाळी थंडीत कुडकुडत द्यावी लागते. निफाडच्या संशोधन केंद्राने मर्यादित पाण्यासाठी नेत्रावतीसारखे वाण दिले, हा त्याचा गौरव. परंतु कोणाच्या शेतात कोणते वाण टिकेल, सकाळची पोळी संध्याकाळी मऊ राहील का, गव्हांडा उपयोगी पडेल का, हे सांगणारा तज्ज्ञ बांधावरच उभा असतो.

त्याला विचारण्याची एक रीत आता निघाली आहे. एकेका शेतकऱ्याला तीनच वाणे द्यायची. त्याने आपल्या शेतात पेरून, कोणते सर्वांत चांगले आणि कोणते सर्वांत वाईट एवढेच सांगायचे. भारतात साध्या गव्हावर, इथिओपियात आपल्या बन्सीच्या जातकुळीतील गव्हावर आणि निकाराग्वात घेवड्यावर अशी १२,४०९ वाफ्यांची परीक्षा झाली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांचे निकाल आणि हवामानाच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा वाणांच्या शिफारशी अधिक नेमक्या करता आल्या.

कामगार चळवळीत वय गेलेल्या आम्हाला यातील मर्म ओळखीचे वाटते. गिरणीत नवे यंत्र आले की त्याचे उत्पादन मोजतात; यंत्रापुढे उभा राहणाऱ्याचे मत क्वचितच घेतात. म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. प्रयोग ज्याच्या शेतात, निकालात त्याचे आणि त्याच्या घरधनिणीचे मत लिहिले जावे. आणि बियाणे फसले तर भरपाई कोणी द्यायची, हे पेरणीपूर्वीच कागदावर ठरावे. संशोधक वाण घडवतो, त्याला आमचा नमस्कार आहे. पण ज्याची कणगी पणाला लागते, त्याला परीक्षकाच्या खुर्चीवर बसवल्याशिवाय ही परीक्षा पुरी झाली असे आम्ही मानणार नाही.