रस्त्याची बाजू : डावी व उजवी वाहतूक

सार्वजनिक रस्त्यावरून एकाच दिशेने जाणाऱ्या सर्व वाहनांनी रस्त्याची कोणती बाजू धरून चालावे, हे ठरविणारा संकेत अथवा नियम. भारत, पाकिस्तान, बांगला देश, नेपाळ, श्रीलंका, ब्रिटन, जपान, थायलंड, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका हे डाव्या बाजूने वाहतूक करणारे प्रमुख देश होत. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक अशा देशांत राहतात. उरलेल्या देशांत वाहने उजव्या बाजूने जातात. या दोहोंपैकी कोणतीही बाजू निसर्गतः अधिक योग्य नाही. समोरासमोर येणाऱ्या दोन चालकांनी एकमेकांविषयी एकच अपेक्षा बाळगावी, हेच या नियमाचे सार आहे. मात्र हा संकेत सवयीने अंगात इतका भिनतो, की दुसऱ्या बाजूच्या देशात गेलेल्या माणसाला तो प्रयत्नपूर्वक विसरावा लागतो.

उगम : रस्ता अरुंद आणि वेग कमी असतो, तेव्हा बाजूच्या नियमाची फारशी गरज भासत नाही. कोकणातून घाटमाथ्यावर जाणारा माल पूर्वी मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. वाटेत दोन तांडे समोरासमोर आले, तर जागा पाहून एकाने थांबावे, एवढाच व्यवहार असे. सध्याच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून चढणारा बोरघाट १८३० मध्ये चाकांच्या वाहनांना खुला झाला. एका अंगाला डोंगर व दुसऱ्या अंगाला दरी असलेल्या अशा रस्त्यावर कोणी कोणत्या बाजूने जावे व कोणी कोणाला वाट द्यावी, हे आधीच ठरलेले असणे आवश्यक झाले. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा घाटरस्त्यावरील नियम आजही भारतीय वाहतूक नियमांत आहे. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. भारतातील दुहेरी लोहमार्गावर गाड्या सामान्यतः डाव्या मार्गाने धावतात, त्यामुळे कर्जतच्या परिसरात रस्ता व रेल्वे या दोहोंनी एकच बाजू दाखविली. सर्वत्र मात्र असे नाही. फ्रान्समध्ये रस्त्यावरील वाहने उजवीकडून, तर बहुतेक आगगाड्या डावीकडून धावतात.

भारतात डावी बाजू ब्रिटिश अंमलात रूढ झाली. ब्रिटनमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याने ती सर्वत्र बंधनकारक केली होती. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या वाहनचालन-नियमांत चालकाने शक्य तितके रस्त्याच्या डाव्या कडेने जावे, असे सांगितले होते. १९८८ च्या कायद्यानंतर १९८९ मध्ये रस्त्याचे नवे विनियम आले व त्यांची जागा पुढे २०१७ च्या विनियमांनी घेतली. बाजू मात्र तीच राहिली.

उजव्या बाजूचा प्रसार अमेरिका व फ्रान्स या देशांमधून झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १७९२ मध्ये एका पथकर रस्त्यासाठी उजव्या बाजूचा नियम केला, तर न्यूयॉर्क राज्याने १८०४ मध्ये तो सर्व सार्वजनिक रस्त्यांना लागू केला. अनेक घोडे जुंपलेल्या मोठ्या मालगाडीचा हाक्या मागील डाव्या घोड्यावर बसे व समोरचे वाहन आपल्या डावीकडून गेलेले त्याला सोयीचे वाटे, असे याचे एक कारण दिले जाते. तलवार धरणारा उजवा हात समोरच्याकडे असावा, म्हणून घोडेस्वार डावीकडून जात, असेही म्हटले जाते. ही दोन्ही स्पष्टीकरणे मुख्यतः अनुमानावर आधारलेली आहेत. नेपोलियनकालीन फ्रेंच प्रभावाखाली यूरोपातील अनेक प्रदेशांत उजवी बाजू पक्की झाली. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारीत सुकाणू चक्र डावीकडे होते. उजव्या वाहतुकीत चालक रस्त्याच्या मध्याकडे बसावा, ही रचना त्यानंतर अमेरिकेत सर्वमान्य झाली.

गोव्याचे उदाहरण : बाजू ठरविताना राजसत्तेपेक्षा शेजार कसा प्रभावी ठरतो, हे गोव्याच्या इतिहासावरून दिसून येते. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली. त्याबरोबर अंगोलासारख्या वसाहतींतही बदल झाला. गोवा, मोझँबीक व मकाव येथे मात्र डावी वाहतूकच कायम राहिली, कारण त्यांच्या सीमांना लागून असलेल्या प्रदेशांत वाहने डावीकडून जात होती. गोव्याचा रस्त्याने होणारा संबंध बेळगाव, कारवार व सावंतवाडी यांच्याशी होता. घाट चढून बेळगावकडे जाणाऱ्या वाहनाला सीमेवर बाजू बदलावी लागणे हे धोक्याचे व गैरसोयीचे ठरले असते. परिणामी शासन लिस्बनचे आणि रस्त्याचा नियम शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानचा, अशी स्थिती गोव्यात तेहतीस वर्षांहून अधिक काळ होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर चलन, कायदे व प्रशासन बदलले. रस्त्याची बाजू बदलावी लागली नाही. नेदर्लंड्समध्ये उजवी वाहतूक रूढ झाल्यावरही तिची पूर्वेकडील वसाहत, म्हणजे आजचा इंडोनेशिया, डावीकडेच राहिली, हे याच प्रकारचे दुसरे उदाहरण होय.

जेथे शेजारी देशांच्या बाजू भिन्न आहेत, तेथे सीमेवरच बदल करावा लागतो. मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमधील तामू येथे जाताना वाहन डाव्या बाजूच्या देशातून उजव्या बाजूच्या देशात प्रवेश करते. म्यानमारने (तत्कालीन ब्रह्मदेशाने) ६ डिसेंबर १९७० रोजी उजवी बाजू स्वीकारली. परंतु तेथील बहुसंख्य मोटारींची सुकाणू चक्रे त्यानंतरही उजवीकडेच राहिली. त्यामुळे पुढच्या वाहनाला ओलांडताना चालकाला समोरचा रस्ता नीट दिसत नाही. जपानमधून आलेल्या जुन्या बसगाड्यांची दारे डावीकडे असल्याने प्रवाशांना पदपथाऐवजी वाहत्या रस्त्यावर उतरावे लागे. बाजूचा नियम हा केवळ रेषेचा प्रश्न नसून वाहनाची घडण, दारे, खुणा व थांबे या सर्वांशी निगडित असतो, हे यावरून लक्षात येते.

संपूर्ण देशाचे बाजूबदल : स्वीडनमधील बदल हा या प्रकारातील सर्वांत अभ्यासला गेलेला बदल आहे. १९५५ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी उजव्या बाजूचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला होता. तथापि शेजारच्या नॉर्वे व फिनलंडमध्ये उजवी वाहतूक होती आणि स्वीडनमधील बहुतेक मोटारींची सुकाणू चक्रेही डावीकडे होती. अखेर १९६३ मध्ये संसदेने निर्णय घेतला व ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सर्व देशाने एकदम बाजू बदलली. त्यापूर्वी दीर्घकाळ प्रचार करण्यात आला, खुणा बदलण्यात आल्या व वेगमर्यादा कमी करण्यात आली. आरंभी अपघात वाढण्याऐवजी कमी झाले. परंतु सुमारे दोन वर्षांत ते पूर्वीच्या पातळीवर गेले. लोक नव्या बाजूला सरावले, तशी त्यांची जादा सावधगिरीही संपली. आइसलँड (१९६८), नायजेरिया (१९७२) व घाना (१९७४) यांनीही उजवी बाजू घेतली. उलट ओकिनावा बेटांवर ३० जुलै १९७८ रोजी, तर सामोआत ७ सप्टेंबर २००९ रोजी उजवीकडून डावीकडे बदल झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जपान येथील स्वस्त वापरलेल्या मोटारी आणता याव्यात, हा सामोआचा एक प्रमुख हेतू होता.

देशाचा बदल व एकट्या प्रवाशाचा बदल यांत मोठा फरक आहे. देश बाजू बदलतो तेव्हा प्रत्येक जण नवखा, म्हणून प्रत्येक जण सावध असतो. परदेशी गेलेला प्रवासी मात्र एकटाच नवखा असतो. भोवतालचे सर्व चालक निर्धास्त असतात आणि तो चुकेल, अशी अपेक्षा त्यांच्यापैकी कोणीही केलेली नसते.

परदेशातील चालकाची सवय : कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कडाव गावी मोटार शिकलेल्या माणसाचे उदाहरण घेतल्यास या सवयीचे स्वरूप स्पष्ट होते. तो गाडीत उजवीकडे बसतो, गिअरचा दांडा डाव्या हाताने हलवितो आणि गाडीचा बहुतेक भाग आपल्या डावीकडे आहे, असे धरून अंतर राखतो. कडावहून कर्जतकडे जाताना डावे वळण त्याला सोपे, तर उजवे वळण अवघड असते. कारण उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहने आधी जाऊ द्यावी लागतात. पुढे खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जड वाहनांनी डावी मार्गिका धरावी व उजवी मार्गिका ओलांडण्यासाठी असावी, हे त्याने मनात पक्के केलेले असते. हाच चालक मस्कत, दुबई किंवा न्यू जर्सी येथे गेला, की यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलट होते. डावे वळण अवघड होते, ओलांडण्याची मार्गिका डावीकडे येते व वर्तुळाकार चौकात वाहने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्याने आधी डावीकडे पाहावे लागते. पायांखालील क्लच, ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर यांचा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

पहिल्या काही दिवसांत आढळणाऱ्या चुका बहुधा ठराविक असतात. चालक डावीकडे बसलेला असूनही पूर्वीच्या अंदाजाने गाडी उजवीकडे सरकवितो व पदपथाच्या कडेला किंवा उभ्या वाहनांना घासतो. गिअरसाठी त्याचा डावा हात दाराकडे जातो. काही गाड्यांत कळांची जागा वेगळी असल्याने वळण्याची खूण करताना काचेवरील वायपर सुरू होतात. या चुका किरकोळ होत. गंभीर चुका सामान्यतः गर्दीत होत नाहीत, कारण तेथे पुढचे वाहनच योग्य बाजू दाखविते. पहाटेचा निर्मनुष्य रस्ता, पेट्रोल पंपातून बाहेर पडण्याचा क्षण, एकमार्गी रस्ता संपण्याची जागा आणि अचानक समोर आलेले संकट, या ठिकाणी विचाराऐवजी जुनी सवय काम करते. सहज डावीकडे घेतलेली गाडी तेथे थेट समोरच्या वाहनाच्या मार्गात जाते. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा, सावधगिरी ओसरू लागली पण जुनी सवय पुरती मोडली नाही, असा नंतरचा काळ अधिक धोक्याचा असतो.

पादचाऱ्यालाही हाच धोका असतो. भारतात रस्ता ओलांडताना प्रथम उजवीकडे, तर अमेरिकेत प्रथम डावीकडे पाहावे लागते. ब्रिटिश मुत्सद्दी विन्स्टन चर्चिल हे १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्क येथे फिफ्थ ॲव्हेन्यू ओलांडत असताना चुकीच्या बाजूस पाहिल्यामुळे मोटारीखाली सापडले व गंभीर जखमी झाले. परदेशी पाहुण्यांचा असाच घोटाळा होऊ नये, म्हणून लंडनमध्ये अनेक ठिकाणी कोणत्या बाजूस पाहावे हे रस्त्यावरच रंगविलेले असते.

मराठी स्थलांतर व परवाना : मराठी भाषकांच्या सर्वच स्थलांतरांत हा प्रश्न उद्‌भवला नाही. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज डाव्या बाजूच्याच देशात राहतात. याउलट पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इझ्राएल समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतर इझ्राएलमध्ये गेले. तेथील वाहतूक उजवीकडून आहे. १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेत गेलेले सुशिक्षित तरुण आणि १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखाती देशांत गेलेले कामगार, तंत्रज्ञ व चालक यांनाही उजव्या बाजूशी जुळवून घ्यावे लागले.

आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार प्रत्येक देशात सर्व रस्त्यांवर एकच बाजू असावी लागते. ती कोणती, हे त्या देशावर सोपविलेले आहे. या व्यवस्थेनुसार भारतातील परिवहन कार्यालये मूळ परवाना असलेल्यास आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना देतात. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ परवाना परदेशी अधिकाऱ्यास समजावा, हा त्याचा मुख्य उपयोग; उलट बाजूने वाहन चालविण्याची वेगळी परीक्षा त्यासाठी घेतली जात नाही. दीर्घकाळ राहणाऱ्यास सामान्यतः स्थानिक परवाना घ्यावा लागतो व तेव्हा पुष्कळदा चाचणी द्यावी लागते. अल्पकाळासाठी गेलेला पर्यटक मात्र विमानतळाबाहेर भाड्याची मोटार घेऊन लगेच रस्त्यावर येऊ शकतो. त्या बाबतीत सुरक्षिततेचा भार मुख्यतः त्याच्या स्वतःच्या जागरूकतेवर पडतो.

उपाय : चालकाने रस्त्याच्या मध्याच्या बाजूस बसलेले असावे, ही खूण लक्षात ठेवल्यास बहुतेक देशांत बाजू चटकन ओळखता येते, ज्या देशात सुकाणू चक्राची बाजू वाहतुकीशी जुळत नाही, तेथे मात्र ती फसवी ठरते. लांबच्या प्रवासानंतर लगेच वाहन हाती न घेणे, आरंभी दिवसाउजेडी परिचित रस्त्यावर सराव करणे, थांब्यानंतर निघताना बाजू मोठ्याने उच्चारणे आणि शेजारी बसलेल्यास प्रत्येक वळणावर आठवण देण्यास सांगणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. अनेक वर्षे परदेशी राहून गावी परतलेल्या माणसालाही ते तितकेच लागू पडतात. मस्कतमध्ये उजव्या बाजूला सरावलेला चालक कडावच्या रस्त्यावर पुन्हा नवखा असतो. पण रस्ता ओळखीचा असल्यामुळे आपले नवखेपण त्याच्या ध्यानात येतेच असे नाही.