परदेशी पाहुणे थांबले तेव्हा गोव्याची चूल कशी पेटली



आपल्या गोंदिया जिल्ह्यात परदेशी पाहुणा म्हटला की आधी आठवतात ते थंडीत परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर उतरणारे पक्षी. एखाद्या वर्षी ते कमी आले तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं, पण घरची चूल काही विझत नाही. मात्र ज्या गावाची चूलच पाहुण्यांच्या पैशावर पेटते, तिथे पाहुणे यायचे थांबले तर काय होतं? आज आपण गोव्याचा इतिहास याच अंगाने बघणार आहोत.

हा विषय का घेतला, तेही सांगतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 च्या डिसेंबरात जाहीर झाला. तेव्हापासून जंगलाच्या गेटजवळच्या गावांत पर्यटनाची चर्चा वाढली आहे. खानावळ काढावी, घरची एक खोली पाहुण्यांना द्यावी, मोहफुलाचे लाडू विकावे, असे विचार गटांच्या बैठकीत येतात. विचार चांगलेच आहेत. पण कर्ज काढण्याआधी, ज्यांनी हा धंदा आपल्या कितीतरी आधी केला त्यांचं काय झालं ते माहीत असावं, असं आम्हाला वाटतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा पोर्तुगिजांच्या राज्यातून मुक्त झाला. तेव्हा कळंगुट, बागा, हणजूण ही गावं मासेमारीची, माडांची आणि भातशेतीची होती. साठच्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतले हिप्पी तरुण तिथे येऊ लागले. त्यांना हॉटेल नको होतं, स्वस्त खोली हवी होती. गावातल्या कुटुंबांनी घरातली एक खोली रिकामी करून दिली. खोली झाडणं, पाणी भरणं, कपडे धुणं, जेवण देणं ही कामं बहुतेक बायकांनीच केली. गोव्याच्या पर्यटनाचा पाया असा घराघरात घातला गेला. हणजूणचा बुधवारचा बाजारही याच लोकांनी आपलं सामान विकता विकता सुरू झाला.

1985 च्या सुमारास चार्टर विमानं सुरू झाली. चार्टर म्हणजे एखाद्या कंपनीने पूर्ण विमान भाड्याने घेऊन पाहुण्यांनी भरून आणायचं. तेव्हा वर्षाला एक लाखाच्या आत परदेशी लोक गोव्यात येत होते. त्या काळात गोव्यात विरोधही झाला. जागृत गोंयकारांची फौज या संघटनेने हॉटेलांना पाणी आणि गावाला कोरड का, असं विचारलं. बायलांचो साद ही महिलांची संघटनाही गोव्याच्या बाईला करमणुकीची वस्तू म्हणून दाखवण्याविरुद्ध उभी राहिली. म्हणजे पाहुणा कोणत्या अटीवर यावा, हा प्रश्न बायकांनी फार आधी विचारला होता.

तरी पाहुणे वाढतच गेले. 2019 मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या 9 लाख 37 हजारांवर पोचली. त्यात रशियन आणि ब्रिटिश लोक पुष्कळ. किनाऱ्यावर दरवर्षी बांबू आणि झावळ्यांची खानावळ उभी राहते, तिला शॅक म्हणतात. तिथे झारखंड, ओडिशा, नेपाळपासून पोरं कामाला येतात. वाळूवर मणी, कपडे, ओढण्या विकतात त्या कर्नाटकातल्या लमाणी बायका. खोली देणारी, मोटारसायकल भाड्याने देणारी, टॅक्सी चालवणारी घरं वेगळीच. दुसरीकडे शेती मागे पडत गेली आणि भाजीचा मोठा भाग बेळगावहून येऊ लागला.

पाहुणे एका दिवसात थांबले नाहीत. आधी इशारे मिळाले होते. 2014 च्या शेवटी रशियाचं चलन रुबल कोसळलं आणि रशियन पाहुणे घटले. 23 सप्टेंबर 2019 ला ब्रिटनची थॉमस कूक कंपनी बुडाली. तिच्याच विमानांनी कितीतरी ब्रिटिश लोक गोव्याला येत. बघा, चलन कोसळलं रशियात किंवा कंपनी बुडाली ब्रिटनमध्ये, तरी खोली रिकामी राहते कांदोळीच्या बाईची.

मग आला कोरोना. 13 मार्च 2020 पासून भारताने पर्यटकांचे व्हिसा थांबवले. काही दिवसांत परदेशी विमानं बंद झाली आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. गोव्यात अडकलेल्या हजारो परदेशी लोकांना खास विमानांनी परत नेलं गेलं. 2021 या पूर्ण वर्षात गोव्यात परदेशी पाहुणे आले फक्त सुमारे 22 हजार. म्हणजे 2019 मध्ये जिथे शंभर येत होते, तिथे दोन-तीनच आले.

या काळात गोव्याने काय केलं?

पहिली गोष्ट पोटाची. सुरुवातीचे काही दिवस किराण्याची दुकानंसुद्धा बंद होती आणि बाहेरून येणारी भाजी अडली. तेव्हा आपल्या परसात काय पिकतं याकडे लोकांचं पुन्हा लक्ष गेलं. गोव्यात पावसाळ्याआधी सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच भरून ठेवायची जुनी रीत आहे. त्या साठ्याला पुरुमेंत म्हणतात. आपण लाखोळीची डाळ, वड्या, सुकवलेली मोहफुलं ठेवतो तसंच ते. अडचणीच्या दिवसांत असा साठा असलेल्या घराला थोडा तरी आधार होता. पुढे 1 ऑक्टोबर 2020 ला गोवा सरकारने स्वयंपूर्ण गोवा ही मोहीम सुरू केली. गावानेच काय पिकवता, बनवता येईल ते बघावं, हा तिचा हेतू.

दुसरी गोष्ट कामाची. बाहेरून आलेले कामगार मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी गावी गेले. त्या वेळी देवरीच्या हायवेवरून पायी जाणारे मजूर आपणही पाहिले आहेत. कुणी मुंबईचं, कुणी हैदराबादचं काम सोडून निघालेलं. पर्यटनाचा धंदा बंद पडला की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो असा माणूस, ज्याच्याकडे ना करार असतो ना घर. किनाऱ्यावरच्या लमाणी बायकांचं तेच. त्यांचा माल हवा असणारा गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी होता.

तिसरी गोष्ट कर्जाची. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. पण व्याज चालूच राहिलं. हे आपल्या गटांनाही चांगलं ठाऊक आहे. हप्ता थांबला म्हणजे कर्ज थांबलं असं नाही.

चौथी गोष्ट नव्या गिऱ्हाइकाची. 2 जुलै 2020 पासून गोव्याने देशातल्या पाहुण्यांना दार उघडलं. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्लीचे लोक येऊ लागले. परदेशात जाता येत नव्हतं, म्हणून एरवी बँकॉकला जाणारेही गोव्याला आले. लॅपटॉपवर नोकरी करणारे काही जण तर महिनोन्महिने राहिले.

परदेशी पाहुण्यांना 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत व्हिसा मिळू लागला. पण फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं. रशियातली विमानं थांबली, गोव्यात असलेल्या रशियन लोकांची बँक कार्डं चालेनाशी झाली. ब्रिटिश लोकांना घरबसल्या मिळणारा ई-व्हिसा भारताने बंद ठेवला होता, तो डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. एक दार उघडावं तर दुसरं लागावं, असं चाललं.

आता आकडे नीट ऐका. 2019 मध्ये देशातले पाहुणे होते सुमारे 71 लाख. 2023 मध्ये ते सुमारे 82 लाख झाले, म्हणजे आधीपेक्षा जास्त. परदेशी मात्र 2023 मध्ये साडेचार लाख, म्हणजे आधीच्या निम्मेच. एकूण बेरीज बघितली तर गोवा सावरला असं म्हणता येईल.

पण बेरजेत सगळं दिसत नाही. परदेशी पाहुणा दोन आठवडे, कधी पूर्ण हंगाम राहायचा. साधी खोली घ्यायचा, रोज त्याच शॅकवर जेवायचा, त्याच बाईकडे कपडे धुवायला द्यायचा. देशातला पाहुणा बहुधा तीन-चार दिवसांसाठी येतो, कुटुंब किंवा मित्र घेऊन येतो, हॉटेलात उतरतो. त्याला मणी नको असतात, एसी खोली आणि गाडी लावायला जागा हवी असते. त्यामुळे मोठ्या हॉटेलांचं दुकान चाललं, पण घरातली एक खोली देणाऱ्या कुटुंबाला जुना गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. गर्दी परत आली म्हणजे ती आपल्या दारात आली, असं नसतं.

मैत्रिणींनो, नागझिऱ्याचं आतलं जंगल दरवर्षी पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असतं. मार्च 2020 मध्ये तर ते अचानक बंद झालं होतं. म्हणून मंगेझरी असो की चोरखमारा, पर्यटनाचा धंदा करू पाहणाऱ्या गटाने पुढच्या बैठकीत तीन प्रश्न मांडावेत. पाहुणा सहा महिने आला नाही तर हप्ता कशातून भरणार? आपला माल गोंदियाच्या, तिरोड्याच्या बाजारातही विकला जाईल का, की फक्त पाहुणाच घेईल? आणि धानाची बांधी, परसबाग, शेळ्या हे आपण टिकवून ठेवतो आहोत, की पाहुण्यांच्या भरवशावर सोडतो आहोत?

खोली जरूर द्या, खानावळ जरूर काढा. पाहुण्याचा पैसा घरात यावाच. पण तो भाजीतल्या फोडणीसारखा असावा. भाजी आपल्या बांधावरची असली, तर एखाद्या दिवशी फोडणी नसली तरी घर जेवतं. या तीन प्रश्नांवर तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा.