तेरची वीट आणि इतिहासाचा तास

इतिहास हा विषय शाळेंत बहुधा कानानें शिकविला जातो. हातांना त्यांत काम नसतें. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण-परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली. इतिहासापुरतें हें तत्त्व कसें साधावें, याचें उत्तर धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं वसलेल्या तेर या गांवीं मिळतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत दक्षिणेंतील दोन मोठ्या पेठांचा उल्लेख आहे: भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तगराहून जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांनीं भडोचला जाई. हें तगर कोठलें, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी जुन्नर सांगितलें, कोणी धारूर. १९०१ मध्यें फ्लीट यांनीं तेरचा पक्ष मांडला.

हाच वाद सहावीच्या वर्गापुढें ठेवावा. मुलांनीं नकाशावर दोरा लावून अंतर मोजावें. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर भरतें, पैठण ते तेर सुमारें १५०. भागाकार केला कीं दिवसाला अनुक्रमें साडेसतरा व पंधरा किलोमीटर येतात. दोन्ही बैलगाडीची चाल! जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस, म्हणून तें आपोआप गळतें. परंतु तेरही नेमकें पूर्वेस नाहीं, आग्नेयेस आहे. मग ग्रंथकार चुकला कीं फ्लीट? येथें मूल प्रथमच पुराव्याचें वजन करूं लागतें. शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, हा पुरावा ताज्यांत कोठें घालावयाचा, हेंही त्यानेंच ठरवावें.

दुसरा पाठ विटेचा. तेर येथील कांहीं प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. कारण समजण्यासाठीं मुलांनीं दोन विटा थापाव्या, एक निव्वळ मातीची व दुसरी तूस मिसळलेली. कुंभाराच्या आव्यांत त्या भाजून तोलल्या कीं, तूस जळून राहिलेल्या छिद्रांनीं दुसरी हलकी झालेली दिसते.

तिसरा पाठ सर्वांत अवघड, कारण तो हात आवरण्याचा आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं तेरच्या पांढरींतील वस्तु आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नांवाच्या शासकीय संग्रहालयांत आज त्या पाहावयास मिळतात. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई येथें मिळालेल्या मूर्तीशीं साम्य आहे. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें! अशी वस्तु आपल्यालाही सांपडावी, हा मोह मुलांस होणारच. परंतु थरांतून उपटलेली खापरी मुकी होते. कोणत्या थरांत काय होतें, हें पाहण्यासाठींच १९५८ मध्यें चापेकर यांनीं येथें शास्त्रीय उत्खनन केलें. म्हणून मुलांनीं वस्तूचें चित्र काढावें, जागा टिपावी, माप घ्यावें; वस्तु मात्र उचलूं नये, शिक्षकांकरवीं संग्रहालयास कळवावें.

तेर हें गोरोबाकाकांचें गांव. मडकें कच्चें कीं पक्कें, हें त्यांच्या थापटण्याला कळे, असें संतकथा सांगते. पाठ्यपुस्तकांतील विधानही असेंच ठोकून पाहण्याची संवय मुलांस लागली, तर इतिहासाचा तास सार्थकीं लागला असें म्हणावें.