सोळा आण्यांचे शंभर पैसे

बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाला पैशाचा मोह उरत नाही, असे म्हणतात. म्हणणारे बहुधा बँकेत नसावेत. पण कुतूहल उरते, हे मात्र खरे.

आमच्या खानदेशाची नाण्यांशी ओळख जुनी. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि त्या आनंदात ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. ती मोहोर आमच्या काउंटरवर अजून कुणी भरलेली नाही. आमच्याकडे येतात त्या चिकटवलेल्या दहाच्या नोटा.

पुढे इंग्रज आले. जळगावाहून दक्षिणेला निघाले, की अजिंठ्यापाशी निजामाची हद्द लागे आणि रुपयाही बदले. इंग्रजी सहा रुपयांना निजामाचे साधारण सात हाली रुपये येत. म्हणजे लेणी बघायला निघालेला गरीब माणूस हद्द ओलांडताच थोडा श्रीमंत होई आणि परतताना पुन्हा होता तसा!

इंग्रजी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. या हिशेबासाठीच पावकी, निमकी, औटकी पाठ करून पोरांचे कान लाल होत. भोक खिशाला असते. महायुद्धात तांबे महागल्यावर १९४३ साली सरकारने ते पैशालाच पाडले. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ साली तिच्या जागी निकेल आले. शहाण्या बायकांनी जुने राजाछाप रुपये तेवढ्यात ट्रंकेच्या तळाशी घातले.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. तारीख सरकारनेच निवडली, माझा दोष नाही. रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आणा आला सव्वासहा पैशांना; पण पाव पैसा टाकसाळीत पडत नव्हता. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, चार आण्यांचे पंचवीस असे ठरले. धुळ्याचे आमचे आजोबा वाण्याला विचारीत, "एकेक आणा चारदा दिला तर चोवीस आणि एकदम दिले तर पंचवीस? मग एक पैसा खाल्ला कुणी?" वाणी म्हणे, "सरकारने." सरकार काय म्हणे, ते धुळ्यापर्यंत ऐकू येत नसे. १ जून १९६४ ला 'नया' शब्द गेला; नवी सून सात वर्षांत जुनी होते, तसेच हे. आणि ३० जून २०११ नंतर चार आण्याचे नाणेच चालेनासे झाले. 'सोळा आणे खरं' मात्र आपण अजून म्हणतो. शंभर पैसे खरं, असे कोण म्हणेल?

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. दोन दिवसांनी आमच्या रांगेत एक मावशी आल्या. पदराच्या गाठीत पाचशेच्या आठ नोटा, ज्वारीच्या कोठीत जपलेल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, खात्यात भरले तर पोराच्या मोबाईलवर मेसेज जाईल ना रे?"

जाणार होता. खात्याला नंबर पोराचाच होता. पण चार हजारांपर्यंत अर्ज भरून, ओळखपत्र दाखवून नोटा थेट बदलून मिळत होत्या आणि आठ नोटांचे बरोबर चार हजार होत. मी अर्ज पुढे सरकवला. बाईंच्या चेहऱ्यावर जे आले, ते कुठल्या टाकसाळीत पाडता येत नाही. हातात दोन हजारांच्या दोन कोऱ्या गुलाबी नोटा पडल्या.

१९ मे २०२३ ला त्या गुलाबी नोटाही परत बोलावल्या. ते चार महिने मी रांगेत मावशींना शोधत होतो. दिसल्या नाहीत. त्यांनी तेव्हाच नोटा मोडल्या असतील, असे मी समजतो. नाहीतर त्या नोटा कोठीतच असतील. अजून कायदेशीर आहेत म्हणा. फक्त बदलायला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय गाठायचे. ते जळगावला नाही, धुळ्यालाही नाही आणि तिथे जायचे, तर पोराला सांगावे लागणार.