पथ्य कुणाचं? मधुमेह आणि उपासाचा इतिहास



मध्यंतरात बाहेरच्या टेबलावर चहाच्या दोन किटल्या असतील, एक साखरेची आणि एक बिनसाखरेची. बिनसाखरेची आधी संपते, असं संयोजक मघाशी सांगत होते. म्हणजे आजचा विषय या सभागृहाला परका नाही. मी मात्र डॉक्टर नाही, इतिहास शिकवणारा माणूस आहे. त्यामुळे तुम्ही काय खावं हे मी सांगणार नाही. आजवर कुणाला काय खायला सांगितलं गेलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच सांगणार आहे.

हा विषय घेण्याला एक निमित्त घडलं. गेल्या वर्षी एका गावी व्याख्यान संपवून खाली उतरलो, तर एक बाई थांबल्या होत्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला मधुमेह आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं की गहू-तांदूळ बंद करा, नाचणीची भाकरी आणि कारल्याचा रस सुरू करा, तीन महिन्यांत सुई सुटेल. बाई म्हणाल्या, "सर, पूर्वी इन्सुलिन नव्हतंच ना? तेव्हा लोक पथ्यावरच जगत होते ना?"

बघा, प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण आहे इतिहासाचा. मी त्यांना एवढंच म्हणालो की इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका. पण का, ते तिथे उभ्या उभ्या सांगता आलं नाही. ते आज सांगतो.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक मधुमेह. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण तुम्ही ऐकलेलं असतं. ते खरंच आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सुश्रुताने केलेली विभागणी. तो म्हणतो, प्रमेही दोन तऱ्हेचे. एक जन्मजात, आईबापांच्या बीजातून आलेला. हा रोगी कृश, रुक्ष, थोडं खाणारा आणि सतत तहानलेला असतो. दुसरा अपथ्यातून झालेला. हा स्थूल असतो, भरपूर खातो, त्याला बसणं-लोळणं प्रिय असतं. आणि उपचारही वेगवेगळे. स्थूलाला खंगवायचं, कृशाला खाऊपिऊ घालून उपचार करायचे.

स्थूलांसाठीचा सल्ला तर फर्मास आहे. आहारात सातू, सावा, देवभात, कडू भाज्या. आणि व्यायाम. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने पायात वहाण नाही, डोक्यावर छत्री नाही अशा अवस्थेत, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं. नाहीतर गुरांमागे रानात फिरावं, किंवा विहीर खणावी! आपण सकाळी बागेला चार फेऱ्या मारून आल्यावर घड्याळातली पावलं मोजतो, त्या पार्श्वभूमीवर हे ऐकायला बरं वाटतं.

इथे एक इशारा द्यायला हवा. सुश्रुताला आजचा टाइप १ आणि टाइप २ ठाऊक होता, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे व्हॉट्सॲपवर पुष्कळ आहेत. त्याच्याकडे रक्त तपासायचं साधन नव्हतं, स्वादुपिंडाचा या रोगाशी संबंध त्याला माहीत नव्हता. त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं, की एका नावाखाली दोन तऱ्हेची माणसं येतात आणि एकाचं पथ्य दुसऱ्याला चालत नाही. ही नोंद नंतर पुन्हा पुन्हा विसरली गेली.

युरोपकडे वळू, कारण पुढची कागदपत्रं तिकडची आहेत. 'डायबेटिस' या ग्रीक शब्दात नळीतून पाणी आरपार वाहून जाण्याची कल्पना आहे. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात अरेटिअस या वैद्याने या रोगात मांस वितळून लघवीवाटे जातं असं वर्णन केलं. इंग्लंडमध्ये १६७४ साली थॉमस विलिसने लघवी गोड लागते असं लिहिलं आणि १७७६ साली मॅथ्यू डॉब्सनने ती आटवून खाली साखर उरते हे दाखवलं. मग तर्क सरळ झाला. साखर बाहेर पडतेय ना, मग आत जाऊ देऊ नका. १७९७ साली जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या अधिकाऱ्याची हकिगत छापली. त्याला जवळजवळ निव्वळ मांस, चरबी आणि दूध यांवर ठेवलं, आणि तो सुधारला. मेरेडिथ चांगलाच लठ्ठ गृहस्थ होता, हे लक्षात ठेवा.

यानंतरचा माणूस माझ्या आवडीचा. पॅरिसचा अपोलिनेर बुशार्दा, मूळचा औषधनिर्माता. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, तो जानेवारीअखेर टिकला. शहरात खायला काही उरलं नाही. लोकांनी घोडे खाल्ले, उंदीर खाल्ले, प्राणिसंग्रहालयातले हत्तीसुद्धा सोडले नाहीत. आणि या हलाखीत बुशार्दाच्या लक्षात आलं की त्याच्या काही मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे, काहींची तर नाहीशी झाली आहे. आधीपासूनच तो रोग्यांना कमी खा, घाम गाळा, रोज लघवी तपासा असं बजावत असे. वेढ्याने त्याला पुरावाच दिला.

पण पुरावा कुणाबद्दलचा? पॅरिसमध्येच १८८० च्या सुमारास एतिएन लांसरो याने दोन नावं वापरली, 'कृश मधुमेह' आणि 'स्थूल मधुमेह'. सुश्रुताची विभागणी पुन्हा सापडली म्हणा ना. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, म्हणजे रोगाचं घरही कळलं. तरी दवाखान्यात औषध काहीच नव्हतं. होतं ते फक्त ताट.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचा काळ आला. इन्सुलिनच्या आधीची शेवटची सात-आठ वर्षं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन नावाचा डॉक्टर होता. कामाला वाघ, स्वभावाने कडक. १९१४ पासून त्याने एक पद्धत बसवली. रोग्याला आधी पूर्ण उपास, लघवीतली साखर जाईपर्यंत. मग थोडं थोडं अन्न वाढवायचं आणि साखर दिसली की परत उपास. भाज्या तीन वेळा उकळून पाणी फेकायचं, म्हणजे त्यांतला पिष्टमय अंश निघून जाईल. मोठ्या वयाच्या, अंगाने भरलेल्या रोग्यांना याचा खरोखर फायदा झाला. पण ॲलनकडे मुलंही येत होती. त्यांच्यासाठी वेगळं काही नव्हतं, म्हणून तेच.

त्याने स्वतः नोंदवलेली एक हकिगत आहे. बारा वर्षांचा मुलगा, रोगामुळे अंध झालेला, इस्पितळात दाखल. त्याच्या लघवीत साखर का येते कळेना. तो इतका अशक्त होता की अंथरुणातून उठायचीही पंचाईत, याला अन्न मिळणार कुठून? मग उलगडा झाला. तो दात घासायची पेस्ट खात होता. आणि त्याने हट्टाने मागून घेतलेला एक कॅनरी पक्षी होता, त्याच्या पिंजऱ्यातले दाणे खात होता. खोली कडक पहाऱ्यात ठेवली गेली, साखर थांबली, आणि काही दिवसांनी मुलगा वारला. मधुमेहाने नव्हे, भुकेने.

ॲलन दुष्ट होता का? मला तसं वाटत नाही. उपास सोडला तर मूल काही आठवड्यांत, महिन्यांत बेशुद्धीत जाऊन मरत असे. उपासावर ते एक वर्ष, दोन वर्षं निघत असे. आईबापांसमोर निवड होती ती एवढीच. 'पूर्वी लोक पथ्यावर जगत होते' याचा मुलांपुरता अर्थ हा आहे. ती जगत नव्हती, त्यांचं मरण लांबवलं जात होतं.

काही थोडी मात्र तेवढ्यात काठाला लागली. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेतल्या मोठ्या राजकारण्याची मुलगी. १९१९ साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला आणि ती ॲलनकडे आली. तीन वर्षं तिने तोलून मापून खाल्लं. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं वीस किलोच्या आसपास. टोरांटोत काय घडलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये मॅक्लाउडच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला तो टोचला. त्याचं वजन तीस किलोसुद्धा नव्हतं. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिपने तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीला गुण आला. एलिझाबेथ बँटिंगच्या हाताखाली काही आठवड्यांत भरपेट जेवू लागली. ती १९८१ पर्यंत जगली, संसार केला, मुलं झाली. आणि आपल्याला मधुमेह आहे ही गोष्ट तिने जन्मभर बहुतेकांपासून लपवली.

इन्सुलिन आल्यावर दोन रोगांचा घोळ संपला असेल असं वाटतं, पण नाही. १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातली साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. म्हणजे एका गटात इन्सुलिन नाही, दुसऱ्यात शरीर त्याला दाद देत नाही. पुढे १९६० च्या आसपास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली तेव्हा दिसलं, की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांकडे ते चांगलं भरपूर आहे. लठ्ठ मेरेडिथला आहार लागू पडला आणि त्या बारा वर्षांच्या मुलाला पडला नाही, याचं कारण हे.

गोष्ट इथे थांबली असती तर सोपी होती. बारीक म्हणजे एक रोग, जाड म्हणजे दुसरा. पण ती पुण्याला येऊन पुन्हा अवघड झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होतं की आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेचा, म्हणजे टाइप २ मधुमेह अंगाने बारीक माणसांना होतो, तोही तरुण वयात. त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मतः सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी जवळजवळ राखलेली. बारीक तरी चरबीयुक्त. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. थोडक्यात, नुसत्या डोळ्यांनी कृश कोण आणि स्थूल कोण, हे आपल्याकडे ओळखता येत नाही. 'मला कसला डायबेटिस, मी तर काडीपैलवान' असं म्हणणारे माझ्याच घरात होते.

या दुसऱ्या तऱ्हेत आहाराचं बळ किती, याचे आकडे आता आहेत. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार-व्यायाम सुधारला, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झालेल्या चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या वजनदार रोग्यांना काही महिने रोज साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. बुशार्दाचा वेढाच म्हणायचा, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. त्या बाईंच्या नातेवाइकाने बहुधा असंच काहीतरी कुठेतरी वाचलं असणार. वाचलं ते खरं होतं. मुलगी त्यातली नव्हती.

त्या बाईंनी जाता जाता आणखी एक विचारलं होतं, "मग तिने खायचं तरी काय? घरात सणाला पुरणपोळी झाली की ती आतल्या खोलीत जाऊन बसते." मी सांगितलं, हे तिच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा. भावाच्या ताटात जे असतं ते तिलाही खाता येतं, फक्त पोळी किती, भात किती, पुरण किती हे मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन कसं बदलायचं ते शिकावं लागतं. बाईंनी पर्समधून जुनं बिल काढलं आणि त्याच्या मागे 'आहारतज्ज्ञ' एवढा एकच शब्द लिहून घेतला.

चहानंतर प्रश्न घेऊ.