बाप-लेक आणि दोन खटले

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आजच्या भागातल्या दोन शहाण्यांचं मात्र सगळं मोठेपण त्याच पायरीवर दिसतं. एक बाप, एक लेक. जॉन ॲडम्स आणि जॉन क्विन्सी ॲडम्स. दोघंही वकील, दोघंही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, आणि दोघांनाही दुसऱ्यांदा निवडून येता आलं नाही. पण मला आज सांगायचेत त्यांचे दोन खटले. मध्ये सत्तर वर्षांचं अंतर आहे.

५ मार्च १७७०. बोस्टन शहर, किंग स्ट्रीट, थंडीची रात्र. पहाऱ्यावर ब्रिटिश शिपाई आणि समोर चिडलेला जमाव. शिव्या, बर्फाचे गोळे, काठ्या. आणि मग गोळीबार. पाच माणसं गेली, शहर पेटून उठलं. कॅप्टन प्रेस्टन आणि आठ शिपायांवर खुनाचा खटला भरला. आता सांगा, त्यांचं वकीलपत्र कोण घेणार?

३४ वर्षांच्या जॉन ॲडम्सने घेतलं. लक्षात घ्या, हा काही इंग्रजांचा माणूस नव्हता. त्यांनी लादलेल्या करांविरुद्ध तो आधीपासून लिहीत होता. घरी बायको ॲबिगेल गरोदर, क्विन्सी अडीच वर्षांचा. लोक तोंडावर थुंकतील, अशिलं जातील, हे दिसत होतं. पण आरोपी कितीही नावडता असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गोळी झाडायचा हुकूम प्रेस्टननेच दिला हे सिद्ध झालं नाही, तो सुटला. आठपैकी सहा शिपाईही सुटले. उरलेल्या दोघांवर सदोष मनुष्यवध ठरला. त्यांच्या अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी भारावून गेलो होतो. मग त्याचा युक्तिवाद वाचला आणि खटकलं. मेलेल्यांत क्रिस्पस ॲटक्स नावाचा एक खलाशी होता, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी रक्ताचा. ॲडम्सने सगळा ठपका त्याच्यावर ठेवला, आणि त्याचं नुसतं रूपच धडकी भरवणारं होतं, असं ज्यूरीला सांगितलं. शिपाई वाचले, पण मेलेल्या माणसाच्या कातडीचा रंग बचावाला वापरला गेला.

आता लेकाकडे या. क्विन्सी वकील झाला, राजदूत झाला, परराष्ट्रमंत्री झाला, १८२५ मध्ये राष्ट्राध्यक्षही झाला. तोही काही पहिल्यापासून धुतल्या तांदळासारखा नव्हता. ब्रिटिशांनी नेलेल्या गुलामांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून सरकारच्या वतीने तो भांडला होता. १८२८ ला निवडणूक हरला. घरी बसायचं सोडून १८३१ मध्ये हा माजी राष्ट्राध्यक्ष साधा खासदार म्हणून संसदेत आला, आणि गुलामगिरीविरुद्धचे अर्ज वाचू द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडला.

१८३९ मध्ये ‘आमिस्ताद’ नावाचं जहाज अमेरिकी नौदलाने पकडलं. त्यावरच्या ५३ आफ्रिकी लोकांना पळवून आधी हवानाला आणलेलं आणि तिथे विकलेलं. सिंके नावाच्या तरुणाच्या पुढाकाराने त्यांनी जहाज ताब्यात घेतलं होतं. स्पेनचं म्हणणं, हा आमचा माल, परत द्या. अमेरिकी सरकारही स्पेनच्या बाजूने उभं राहिलं. सगळी मेख होती कागदांत. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनच्याच कायद्याने बंदी होती. म्हणून कागदोपत्री या लोकांना स्पॅनिश नावं दिली, जणू क्यूबातले जुनेच गुलाम! खालच्या कोर्टात हे खोटं उघडं पडलं, तरी सरकार अपिलात गेलं.

रॉजर बाल्डविन हा वकील आधीपासून लढत होता. त्याच्या जोडीला ७३ वर्षांचा क्विन्सी उभा राहिला. सुप्रीम कोर्टात उभं राहून त्याला तीस वर्षं उलटून गेलेली. आपल्याला हे जमेल का, ही धास्ती त्याच्या रोजनिशीत दिसते. २४ फेब्रुवारी १८४१ ला तो चार तासांहून जास्त बोलला. कोर्टाच्या खांबावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची प्रत टांगलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, माझ्या अशिलांना हाच कायदा लागू होतो. तो जाहीरनामा तयार करणाऱ्या पाच जणांच्या समितीत त्याचा बाप होता!

९ मार्चला निकाल लागला: हे लोक कधीच कुणाचे गुलाम नव्हते, सोडून द्या. गुलामगिरी संपली का? नाही, त्याला १८६५ उजाडावं लागलं. ५३ पैकी मायदेशी परतायला जेमतेम ३५ उरले होते. पण ते मोकळे होऊन परतले.

आपल्याकडे म्हणतात, खाण तशी माती. नावडत्या माणसाचं वकीलपत्र घ्यायचं, हे क्विन्सीने बापाकडूनच घेतलं. पण ज्या रंगाची भीती बापाने ज्यूरीला घातली, त्याच रंगाच्या माणसांसाठी लेक उभा राहिला. वारशातलं काय ठेवायचं आणि काय दुरुस्त करायचं, हे त्याने असं ठरवलं.

तुमच्या घरच्या वारशातलं तुम्ही काय दुरुस्त केलंत? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!